आधी ओल, मग पानं

९ जानेवारी

रागीट तरीही पूजनीय मावशीस,
कसरीचा नमस्कार.

फोनच करणार होतो. पण तुझे हात सदा पुस्तकबांधणीच्या खळीत बुडालेले, फोन तू कोपराने उचलतेस, आणि माझं निम्मं बोलणं खळीत जातं. म्हणून पत्र. शिवाय कागद टाकून देणं तुझ्या रक्तात नाही, तेव्हा हे तुझ्याजवळ राहील आणि तुला टोचत राहील.

विषय एकच. तू पोट तपासून घे. आई ज्या आजाराने गेली त्यावरच आमच्या प्रयोगशाळेत काम चालतं, हे तुला ठाऊक आहे. पोटाच्या कर्करोगाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर नावाचा. तो बहुतेकदा लहानपणीच, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि पोटात बिऱ्हाड करतो. तू आणि आई एका ताटात जेवलात, एका पेल्यातून प्यायलात, एका पांघरुणाखाली भांडलात. आईच्या पोटात तो होता, तिच्या कागदपत्रांत तसं लिहिलेलं आहे. तुझ्या पोटात तो नसेल असं मानायला मला काही आधार सापडत नाही.

तपासणी अगदी सोपी. पेलाभर काहीतरी प्यायचं आणि पिशवीत फुंकर मारायची. सुई नाही, नळी नाही. जेवल्यावर जळजळतं का, एखादी गोळी घेतेस का, तेही खरं खरं कळव.

तुझी कसर


१७ जानेवारी

चिरंजीव कसरीस पुठ्ठ्याएवढा जाड आशीर्वाद.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून तीस वर्षं मी फाटकी पुस्तकं बांधतेय, पण इतकं भेदरलेलं पुस्तक माझ्याकडे कधी आलं नव्हतं. दीड वर्षाचा असताना माझ्या बांधायला आलेल्या पुस्तकांचे कोपरे तू कुरतडून खाल्लेस, म्हणून पुस्तकं खाणाऱ्या किड्यावरून तुला कसर नाव पडलं. तेव्हा तुझ्या पोटाची काळजी मी केली होती. आता तू माझ्या पोटाची करतोस. ठीक आहे, फिटंफाट झाली.

माझ्या पोटात जंतू राहूच शकत नाही. कारण सांगते. खळीला कीड लागू नये म्हणून आम्ही तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतो. खळ जमली की नाही हे मी जिभेच्या टोकावर ठेवून बघते, माझे गुरुजीही तसंच बघायचे. तीस वर्षांचा मोरचूद ज्या पोटात गेला तिथे कोण बिऱ्हाड करणार? गुरुजी नव्वदीला वारले, आणि तेसुद्धा शिडीवरून पडून.

जळजळ म्हणशील तर ग्रंथपालबाई पुस्तकांना टाचण्या मारतात तेव्हा होते. डॉक्टरने दिलेलं म्हणशील तर चष्म्याखेरीज मी काही वापरत नाही.

पण एक सांग. एवढासा जंतू, तो कर्करोग करतो तरी कसा? कुरतडतो, की विष सोडतो? तू नेमकी कसली नोकरी करतोस ते मला आजवर कळलेलं नाही. शेजारणीने विचारलं तर मी सांगते, दुसऱ्यांच्या पोटात शिरतो.

मावशी


२४ जानेवारी

मावशी,

सगळ्यात आधी, खळ चाखणं आजपासून बंद. मोरचूद हे विष आहे. तू अजून आहेस हा तुझा चिवटपणा, त्यात मोरचुदाचं कर्तृत्व काही नाही.

आता तुझा प्रश्न. आपल्या प्रत्येक पेशीत एक जाड पुस्तक असतं, आणि काय करायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं हे त्यात वाचून पेशी वागते. कर्करोग म्हणजे छपाईची चूक, असं पूर्वी समजायचे. एखादं अक्षर बदललं आणि अर्थाचा अनर्थ झाला. तशा चुका होतात हे खरंच. पण आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ज्याच्या मागे लागल्या आहेत त्यात एकही अक्षर बदललेलं नसतं. या जंतूमुळे पोटाच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते. त्या सुजेपायी पेशीच्या पुस्तकात काही ठिकाणी बारीक रासायनिक खुणा बसतात, त्यांना मिथाइल म्हणतात. ज्या पानावर त्या दाटीने बसल्या ते पान पेशी वाचेनाशी होते. नेमकं ‘आता थांब’ सांगणारं पान त्यात सापडलं, तर पेशी थांबत नाही.

घाबरू नकोस. जंतू असलेल्या शंभर जणांत एखाद-दोघांना, फार तर तिघांना कर्करोग होतो. पण आपल्या घरात एक होऊन गेला आहे.

पुढच्या महिन्यात हे मला प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांसमोर सोप्या भाषेत सांगायचं आहे. ‘पेशीच्या पुस्तकात चुकीच्या जागी चिठ्ठ्या लागतात’ अशी उपमा शोधून ठेवली आहे. कशी वाटते?

कसर


२ फेब्रुवारी

कसरे,

उपमा भिकार आहे. चिठ्ठी लावतात ती पान सापडावं म्हणून. तू सांगतोस ते नेमकं उलटं. त्याला आम्ही पान चिकटणं म्हणतो.

आमच्या तळमजल्यावर एका कपाटामागे नळ गळत होता. किती वर्षं, देव जाणे. धार नाही, पूर नाही, नुसती ओल. बाहेरून पुस्तकं अगदी शहाण्यासारखी उभी. परवा एक ओढलं तर वीट निघाली. एकशे चाळीस पुस्तकं तशी निघाली. अक्षर न् अक्षर शाबूत, शाईसुद्धा फुटलेली नाही. पण पान उघडतच नाही, म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी ते छापलेलंच नाही. तुझा जंतू म्हणजे तो नळ, सूज म्हणजे ओल, आणि चिकटलं ते ‘आता थांब’चं पान. हे सांग पाहुण्यांना.

मला दोन शंका आहेत. पेशीची दुसरी पेशी होते तेव्हा पुस्तकाची नक्कल होत असणार. मग नव्या प्रतीत ते पान चिकटलेलंच येतं की मोकळं? आणि चिकटलेली पानं पुन्हा सुटतात का? आमच्यात नियम आहे, आधी ओल, मग पानं. ओल्या पुस्तकाचं पान ओढलं तर हातात चिंधी येते. आधी नळ बंद करायचा, मग वाळवायचं, मग पानांना हात लावायचा. काही सुटतात, काही नाही सुटत. पण जी अजून चिकटलेली नाहीत ती तरी वाचतात.

एवढं लिहिलं आणि लक्षात आलं की माझ्याच तोंडाने मी फसले. कपाटामागे न डोकावता ‘पुस्तकं उत्तम आहेत’ म्हणाल्या म्हणून ग्रंथपालबाईंना मी कालच चार शब्द सुनावले. आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? जाते तुझी फुंकर मारायला.

मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

भाषण झालं. चिठ्ठी काढून टाकली आणि तुझा नळ लावला. मॅडमनी नंतर ‘आधी ओल, मग पानं’ फळ्यावर लिहिलं आणि ते पुसायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद दिली. वीस-वीस वर्षं शिकलेली माणसं ते वहीत उतरवून घेत होती.

पहिल्या शंकेचं उत्तर, चिकटलेलं पान नकलेतही चिकटलेलंच उतरतं. मॅडम म्हणाल्या की हा प्रश्न विचारायला त्यांना स्वतःला दोन वर्षं लागली होती. दुसरीचं उत्तर, जंतू मारला की काही पानं हळूहळू सुटतात, काही तशीच राहतात. किती राहिली ते मोजून पुढचा धोका ओळखता येईल का, हेच आमचं काम. आता मी दुसऱ्यांच्या पोटात का शिरतो ते शेजारणीला नीट सांगता येईल.

फुंकर मारलीस का?

कसर


२० फेब्रुवारी

कसरे,

मारली. छापील कागद सोबत जोडला आहे. जंतू नाही. तुझ्या मॅडमना सांग की मोरचुदावर संशोधन करा.

तुझ्या भाषणाचं बक्षीस म्हणून एक वही बांधून पाठवतेय. शिवण दुहेरी आहे, फाडायचा प्रयत्न करून बघ. घाईत बांधल्यामुळे अस्तराचा कागद पुरता वाळलेला नाही. तो पुठ्ठ्याला भलतीकडे चिकटू नये म्हणून मधे चंदेरी कागदाचे तुकडे घातलेत. वही हातात आली की काढून टाक.

तुझी निरोगी मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

वही मिळाली. देखणी आहे. चंदेरी तुकडे काढले, पण टाकले नाहीत. अठरा आहेत. एकेक उलटा करून बघितला, कारण कागद टाकणं माझ्याही रक्तात नाही.

अठराही तुकडे गोळ्यांच्या पाकिटांचे आहेत. गोळी एकच, पोटातलं आम्ल कमी करणारी. दुसरं कोणी पाकीट फाडतं, तू सुरीने सरळ रेषेत कापतेस, म्हणून नाव आणि मुदत सगळं वाचता येतं. सगळ्यात जुन्या तुकड्यावरची मुदत संपून दोन वर्षं झाली आहेत. गोळीची मुदत बनल्यापासून दोन-तीन वर्षांची असते, म्हणजे चार-पाच वर्षं तरी तू या गोळ्या खातेस. ‘डॉक्टरने दिलेलं काही वापरत नाही.’ बरोबर, डॉक्टरने नाहीच दिल्या. दुकानातून स्वतःच आणल्यास. तू खोटं बोलत नाहीस, फक्त शब्द नेमके कापतेस.

आता ऐक. या गोळ्या चालू असल्या की जंतू दबून बसतो आणि फुंकरीत सापडत नाही. तुझा तो छापील कागद रद्दी आहे. दोन आठवडे गोळी पूर्ण बंद कर आणि पुन्हा तपास. आणि इतकी वर्षं जळजळ असेल, तर आता नळी घालून आत बघायलाच हवं.

मला राग आला आहे आणि भीती वाटते आहे. आईसुद्धा वर्षभर काही नाही, काही नाही म्हणत होती. मी बारा वर्षांचा होतो, मला ते खरं वाटलं. आता मी एकतीस वर्षांचा आहे आणि तू मला तेच सांगितलंस.

कसर


५ मार्च

पत्र मिळालं. गोळी बंद केली.
मावशी

ता. क. दोन आठवडे आजपासून मोजायचे की उद्यापासून? आजची मी सकाळी पत्र यायच्या आधीच घेतली होती.


२९ मार्च

कसरे,

उद्यापासून मोजले. ते पंधरा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पोटात कोणी शेगडी ठेवावी तसं झालं होतं. मग पुन्हा फुंकर मारली. जंतू आहे. चांगला ऐसपैस आहे म्हणे.

कालच नळीही घातली. डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान दिसतात, पण हात स्थिर आहे. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडे शिवायला या. त्यांनी आतले पाच तुकडे काढून तपासायला पाठवलेत. एके ठिकाणी अस्तर पातळ झालंय आणि एक जागा त्यांना आवडली नाही, असं तोंडावर सांगितलं. तीन आठवड्यांनी निकाल.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तुझी आई, माझी ताई, आपल्या पायांनी तपासायला गेली होती. जाताना मला म्हणाली, खळ आटवून ठेव, दुपारपर्यंत येते. त्या दुपारनंतर ती पूर्वीची ताई म्हणून कधी परतलीच नाही, चार महिन्यांत संपलं. आजार आधीच होता, हे मला समजतं, मी काही अडाणी नाही. पण माझ्या मनाने एवढंच धरून ठेवलं की जोवर कोणी आत बघत नाही तोवर आत काही नाही. म्हणून मी गोळ्या खाल्ल्या, आणि म्हणून तुला सांगितलं नाही.

आणि दुसरं. ताई गेल्यावर जो येई तो तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणे, माय मरो पण मावशी जगो. मला त्या म्हणीचा संताप यायचा. जणू आमच्या दोघींत चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि माझी निघाली. इतकं जगायचं ओझं होतं माझ्यावर की मी मरू शकते हा विचारही मला तुझ्याशी बेइमानी वाटायचा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय कारण तू चिडलास, आणि चिडलास ते बरं केलंस.

आता माझा एक प्रश्न, आणि शब्द नेमके कापू नकोस. हा जंतू एका ताटातून जातो ना? तू आधी ताईच्या आणि मग माझ्या ताटात जेवलास. तू कधी फुंकर मारलीस?

मावशी


४ एप्रिल

मावशी,

नाही मारली. तुझं पत्र येईपर्यंत मारली नव्हती.

सहा वर्षं मी रोज लोकांच्या पोटातले तुकडे बघतो. आमच्या प्रयोगशाळेत नव्या यंत्राची चाचणी होती तेव्हा सगळ्यांनी फुंकर मारली, अगदी दारावरच्या रखवालदारानेही. मी त्या दिवशी रजा काढली. ताप आहे म्हणून सांगितलं. तुला उपदेश करणारी पानंच्या पानं लिहिताना मला हे रोज आठवत होतं आणि मी लिहीत राहिलो. तू निदान गोळ्यांची पाकिटं तरी पाठवलीस, मी तेवढंही केलं नाही.

पत्र वाचून झालं आणि तसाच खाली जाऊन पिशवीत फुंकलं. जंतू आहे. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, बरं झालं, आता कपाटामागे डोकावलास.

माझं वय कमी आहे, त्यामुळे माझी फारशी पानं चिकटली नसावीत. दोन आठवड्यांच्या गोळ्या आहेत. पण मी त्या अजून सुरू केल्या नाहीत. तुझ्या तुकड्यांचा निकाल आला की दोघं एकाच दिवशी सुरू करू.

त्या म्हणीचा पहिला अर्धा भाग मला कधीच नको होता, तुला माहीत आहे. पण दुसरा अर्धा मला खरा हवा आहे. ओझं म्हणून नको. तू हवीस म्हणून हवा आहे.

कसर


२२ एप्रिल

कसरे,

निकाल आला. कर्करोग नाही.

हे वाक्य मी वेगळ्या ओळीवर लिहिलं, कारण डॉक्टरीणबाईंनीही तसंच सांगितलं आणि नंतर पाणी आणून दिलं. मी रडले नाही, डोळ्यांत खळ गेली होती असं समज. अस्तर काही जागी पातळ झालंय आणि एके ठिकाणी त्याने आपला पोत बदलायला घेतलाय. कर्करोगाच्या वाटेवरच्या सुरुवातीच्या पायऱ्या आहेत म्हणे, पण बरेचसे लोक त्या पायऱ्यांवरच म्हातारे होऊन मरतात. आधी जंतू मारायचा, आणि मग तीन वर्षांनी पुन्हा नळी घालून बघायचं. मी म्हटलं, म्हणजे आधी ओल, मग पानं. त्या म्हणाल्या, हे कुठेतरी ऐकलंय. बघ, कुठवर पोचलंय.

तर सोमवारपासून सुरू. चार प्रकारच्या गोळ्या, दिवसाला चार वेळा. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव येईल आणि जीभ काळी पडेल असं आधीच सांगितलंय. तूही सोमवारीच सुरू कर. एकही चुकवू नकोस. नाव कसर असलं तरी गोळ्यांत कसर चालणार नाही.

मावशी


३० एप्रिल

मावशी,

चौथा दिवस. माझी जीभ दौतीत बुडवून काढल्यासारखी दिसते. मॅडमशी बोलताना मी ओठ मिटून हसतो आणि त्या विचारतात, दुखतंय का? तुझी कशी आहे?

कसर


६ मे

कसरे,

काळीकुट्ट. काल एका वाचकाने पुस्तक वळवाच्या पावसात भिजवून आणलं. मी फक्त जीभ दाखवली. त्याने माफी मागितली आणि पुठ्ठ्यासकट नवं पुस्तक आणून देईन म्हणाला. चौदा दिवस पुरे झाले की ही जीभ जाणार याचं मला वाईटच वाटणार आहे.

मावशी


३ जुलै

कसरे,

तुझा कागद कोरा निघाला हे वाचून शेजारणीला हाक मारली. माझाही काल आला. जंतू नाही. या खेपेला गोळ्या बंद करून, नीट मोजून, पूर्ण खरा कागद आहे. जळजळ निम्मी झाली आहे. चिकटलेल्यातली किती पानं सुटतील ते तुझ्या मॅडमनाही सांगता येत नाही तर मला काय येणार. पण ओल गेली.

आता एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ताई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. त्या दिवसापासून मी दोन महिन्यांहून लांब चालणारं एकही काम हाती घेतलं नाही. अर्धवट उसवलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून. लोकांना वाटायचं, बाई लहरी आहे. असू दे, मीही तसंच वाटू दिलं.

ग्रंथालयात एक शब्दकोश आहे. बावीस खंड, एकूण एक खिळखिळे. एका खंडाला दोन महिने धरले तरी पावणेचार वर्षांचं काम. ग्रंथपालबाई दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी डोळे दुखतात म्हणते. परवा त्यांनी सवयीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या वळल्याही. मी म्हटलं, पहिला खंड आणून ठेवा. त्या दारातच थांबल्या. मी पुन्हा सांगितलं. मग त्या स्वतःच दोन्ही हातांत धरून घेऊन आल्या, आणि त्यात एकही टाचणी नव्हती.

तीन वर्षांनी नळी घालायची तारीख येईल तेव्हा मी ‘म’च्या आसपास असेन. डॉक्टरीणबाईंना तसं सांगून ठेवलंय, त्यांनी ते फाइलवर लिहून घेतलं.

आज सकाळी ‘अ’ उसवला.

मावशी